राखलेलं बी दुसऱ्या साली तसं का येत नाही? जुन्या मालिकांच्या नव्या अवताराची गोष्ट

२९ जुलै २०२५, मंगळवार. आमच्याकडे निंदण जोरात सुरू होतं आणि माय दिवसभर तुरीच्या तासात वाकलेली. तरी त्या दिवशी स्वयंपाक दिवेलागणीलाच आटोपला, भांडी घासून पालथी पडली, आणि रात्री साडेदहाला माय भिंतीला पाठ टेकून टीव्हीसमोर बसली. सतरा वर्षांनी तुळशी परत येणार होती. 'क्योंकी सास भी कभी बहू थी' ३ जुलै २००० ला सुरू झाली तेव्हा मायचे केस काळे होते. नोव्हेंबर २००८ मध्ये ती संपली तोवर अठराशेच्या वर भाग झाले होते. त्यातले कोणते भाग भारनियमनात बुडाले, हे ती अजूनही सांगते.

चार दिवस तिनं नेटानं पाहिलं. पाचव्या दिवशी साडेनऊलाच अंथरूण टाकलं. विचारलं तर म्हणाली, "तुळशी थेच हाये बाप्पा. पण हे थे नोहे."

मी तालुक्याच्या गावी कृषी केंद्र चालवतो. बी, खत, फवारणीची औषधं. पावसानं उघडीप दिली नाही की गिऱ्हाईक कमी आणि गप्पा जास्त. डिसेंबर २०२४ मध्ये 'सीआयडी' परत आली तेव्हाही माझ्या दुकानातल्या बाकड्यावर हीच तक्रार झाली होती. दया दरवाजा तोडतो, प्रद्युम्न बोटं फिरवतो, सगळं जागच्या जागी, आणि तरी पाहणारा मोबाइल काढून बसतो. एका काकाजीनं मला सरळच विचारलं, "माणसं थेच, नाव थेच, पैसा पयल्यापेक्षा जास्त. मंग बिघडून कुठं राह्यलं?"

याचं उत्तर द्यायला टीव्हीतला जाणकार पाहिजे असं मला वाटत होतं. नंतर लक्षात आलं, दर जून महिन्यात मी वेगळ्या प्रश्नाला हेच उत्तर देत असतो.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू

आपण सगळ्यालाच "जुनी मालिका परत आली" म्हणतो. येण्याच्या तऱ्हा मात्र तीन आहेत आणि तिन्हींचं पीक निराळं.

पहिली तऱ्हा पुनःप्रसारणाची. जुनेच भाग जसेच्या तसे पुन्हा दाखवायचे. म्हणजे कोठीतलं जुनं धान्य काढून खायचं. कीड लागली नसेल तर चव तीच.

दुसरी पुढच्या पर्वाची. तीच माणसं, तेच घर, गोष्ट पुढे. आमच्या भाषेत सांगायचं तर ही फरदड. कपाशीचा शेवटचा वेचा झाल्यावर पऱ्हाटी उपटायची सोडून तिला पाणी देत राहायचं, म्हणजे आणखी थोडी बोंडं लागतात. लागतात खरी, पण रुई आखूड, वजन कमी, आणि गुलाबी बोंडअळीला घर मिळतं ते वेगळंच. कृषी खातं दरवर्षी फरदड घेऊ नका म्हणून सांगतं आणि आम्ही दरवर्षी घेतो, कारण झाड तर उभंच आहे ना! तुळशी आणि सीआयडी या फरदडीतल्या.

तिसरी रिमेक. नाव आणि गोष्ट जुनी, माणसं नवी, बांधणी नवी. हे राखलेलं बी पुन्हा पेरणं. हा शब्द पुढे येत राहील. निराशा सगळ्यात जास्त इथंच होते, म्हणून आधी बियाण्याचंच बोलू.

पाकिटातलं बी

दरवर्षी जूनमध्ये कोणी ना कोणी विचारतं, "भाऊ, यंदाच्या कापसाची सरकी राखली तर पुढच्या साली पाकीट घ्यायचं काम नाही ना?" मी नाही म्हणतो. त्याला वाटतं धंद्यासाठी म्हणतो.

खरं कारण असं. पाकिटातली कपाशी संकरित आहे. दोन वेगवेगळे वाण आईबाप म्हणून निवडायचे आणि त्यांचा संकर करून बी तयार करायचं. त्या बियाची पहिली पिढी एकसारखी आणि जोमदार येते. पण त्याच झाडाची सरकी पेरली की दुसऱ्या पिढीत गुण फुटतात. एक झाड आईवर जातं, एक बापावर, एक कोणावरच जात नाही. एक कमरेएवढं, एक गुडघ्याएवढं. मेंडेल नावाच्या पाद्र्यानं वाटाण्याची रोपं मोजून हा नियम शोधला आणि १८६६ मध्ये छापला. बी खोटं नसतं. ज्या मेळातून पहिलं पीक आलं, तो मेळ त्या दाण्यात पुरता उतरत नाही.

सोयाबीनचं तसं नाही. ते सरळ वाण. स्वतःच्याच परागानं फळतं, म्हणून घरचं बी राखून पेरता येतं. कृषी खातंच दोन-तीन वर्षं घरचं सोयाबीन बियाणं वापरा म्हणून सांगतं.

आता मालिकेकडे या. गाजलेली मालिका ही संकराची पहिली पिढी असते. आपण राखून ठेवतो तिचं नाव, पात्रं, शीर्षकगीत. म्हणजे सरकी. आईबाप आपल्या हातात नसतात.

१९८७ च्या रविवारात काय काय मिसळलं होतं

२५ जानेवारी १९८७ ला रामानंद सागरांचं 'रामायण' दूरदर्शनवर सुरू झालं. ३१ जुलै १९८८ पर्यंत, दर रविवारी सकाळी. आधी ५२ भाग ठरले होते, ते ७८ झाले. संपताना उत्तरकांड दाखवणार नाही असं कळल्यावर जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला होता. मालिका संपते म्हणून संप! आज मालिका संपत नाही म्हणून करावासा वाटतो.

आमच्या गावात तेव्हा एकच टीव्ही होता, काळा-पांढरा, पाटलाच्या वाड्यावर. शनिवारी संध्याकाळीच ट्रॅक्टरची बॅटरी उतरवून चार्ज करून ठेवायची, कारण लाइनीचा भरवसा नव्हता. सकाळी एक पोट्टा कौलांवर चढून अँटेनाचा बांबू धरायचा. खालून "आलं!", वरून "राहू देऊ?", खालून "गेलं, गेलं!" असं दहा मिनिटं चालायचं. आबाजी चपला वाड्याच्या फाटकाबाहेर काढून यायचे. टीव्हीला कोणीतरी उदबत्ती लावलेली असायची. आबाजींना हिंदी अर्धीच समजायची, पण गोष्ट त्यांना टीव्हीच्या आधीपासून पाठ होती. पुढच्या भागात काय होणार, हे ते टीव्हीला सांगायचे.

मला त्यातलं आठवतं ते रविवारपेक्षा सोमवार ते शनिवारच जास्त. ज्यांचा भाग हुकला त्यांना बाकीचे सांगायचे, वेचणीच्या तासात, विहिरीवर, बैलबंडीत. सांगताना प्रत्येकजण पदरचं घालायचा. आमच्या गड्यानं सांगितलेलं सेतुबंधन इतकं भारी होतं, की नंतर कधीतरी प्रत्यक्ष भाग पाहिला तेव्हा मी थोडा नाराजच झालो. मालिका पडद्यावर पाऊण तास आणि गावात सहा दिवस चालायची. मधला आठवडा म्हणजे गोष्टीला मुरायला मिळालेला वेळ होता.

याच्या जोडीला करणारे. सागर सिनेमात मुरलेले. संगीत रवींद्र जैन यांचं. पुढे २ ऑक्टोबर १९८८ ला बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' सुरू झालं, त्याचे संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले आणि 'मैं समय हूँ' म्हणणारा आवाज हरीश भिमाणींचा. ९४ भागांत सगळं भारत आटोपलं. आणि या सगळ्यांवर दूरदर्शन हे एकच दुकान. दुसरीकडे जायची सोयच नव्हती. आवडलं तरी तेच, नाही आवडलं तरी तेच, आणि सगळ्या देशाला एकाच वेळी.

गोष्ट, लिहिणारे, आठवड्याचं अंतर, एकच वाहिनी, गावाला एक टीव्ही, आणि आपलं तेव्हाचं वय. इतक्यांचा तो संकर. यातली विकत घेता येते ती गोष्ट, आणि मालिकेचं नाव. फार तर एखादा नट.

बी त्याच घरचं, तरीही

कोणी म्हणेल, नव्या लोकांना जमत नसेल, जुन्यांनाच करू द्या. तेही झालंय. २००८ मध्ये एनडीटीव्ही इमॅजिन या नव्या वाहिनीसाठी 'रामायण' पुन्हा काढलं ते सागरांच्याच कंपनीनं. वाईट नव्हतं, चाललंही बऱ्यापैकी. पण त्यातल्या रामाची तसबीर मी कोणाच्या देवघरात पाहिली नाही. अरुण गोविलची पाहिलीय, आमच्याच गल्लीत, दत्ताच्या शेजारी. त्याच वर्षी एकता कपूर यांनी 'कहानी हमारे महाभारत की' आणली आणि ती काही महिन्यांत बंद झाली. त्यांचीच 'कसौटी जिंदगी की' २००१ ते २००८ चालली होती. २०१८ मध्ये नव्या चेहऱ्यांनी पुन्हा पेरली, ती दोन वर्षांत आटोपली.

फरदडीचाही एक नमुना सांगतो. 'साराभाई वर्सेस साराभाई' ही २००४ ते २००६ ची विनोदी मालिका. २०१७ मध्ये तिचं दुसरं पर्व इंटरनेटवर आलं. कलाकार मूळचेच, लिहिणारा आणि दिग्दर्शकही मूळचाच. म्हणजे आईबापसुद्धा तेच आणले. तरी बऱ्याच चाहत्यांना ती चव सापडली नाही. माझ्या मते कारण साधं होतं. मधल्या अकरा वर्षांत त्या मालिकेतले टोमणे लोकांनी एवढे वापरले, की नव्या पर्वाला स्वतःचीच नक्कल करावी लागली. गावातल्या हुन्नरी माणसाला आपण दर लग्नात "ते करून दाखवा ना" म्हणतो, आणि दहाव्या लग्नात तो कंटाळलेला दिसतो, तसं.

"पण आता पैसा आहे, तंत्र आहे, मग माल हलका कसा?"

हा आक्षेप वजनदार आहे. आज एका भागातला राजवाडा पूर्वीच्या अख्ख्या लंकेपेक्षा भारी दिसतो.

पण तंत्र बदललं तसा मालिकेचा कारखानाही बदलला. तेव्हाचा भाग आठवड्याला एक, साधारण पाऊण तासाचा. आताची मालिका आठवड्यातून पाच-सहा दिवस, जाहिराती वजा जाता वीस-बावीस मिनिटांची. त्यातही सुरुवातीला कालचं, शेवटी उद्याचं. रोज पीठ दळायचं म्हटलं की जातं थांबवता येत नाही, दाणे संपले तर कोंडाही घालावा लागतो. मग एक वाक्य आणि त्यावर सात जणांचे चेहरे, प्रत्येक चेहऱ्यावर ढोल. माय याला "मानामोडी" म्हणते, कारण सगळे एकेक करून माना वळवतात.

दुसरं कारण टीआरपी, म्हणजे किती घरांत काय पाहिलं गेलं याचा अंदाज. देशभर पन्नास हजारांहून थोड्या अधिक घरांत मीटर बसवलेले आहेत. त्यांच्यावरून सगळ्या देशाचं मोजमाप होतं आणि दर आठवड्याला आकडा येतो. आकडा घसरला की कथा वळते. मेलेला जिवंत होतो, जिवंत असलेल्याची स्मृती जाते. रोज सकाळी रोप उपटून मूळ किती वाढलं ते पाहणाऱ्याच्या शेतात काय उगवणार? सागर-चोप्रांनाही दबाव होते, भाग वाढवून घेतले गेलेच की. पण राम वनवासातून लवकर परत आणा, आकडा पडतोय, असं त्यांना कोणी म्हणत नव्हतं.

आणि ज्याला आपण चांगलं तंत्र म्हणतो तेच कधी कधी नडतं. माझी मोठी बहीण भंडारा जिल्ह्यात दिली आहे. तिच्या गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, मी पहिल्यांदा दंडार, म्हणजे तिकडचं लोकनाट्य, पाहिली ती गॅसबत्तीच्या उजेडात. त्या पिवळ्या उजेडात रंगवलेला राक्षस खरोखर राक्षस वाटला. पुढे हॅलोजन आले, आणि राक्षसाच्या गालावरून ओघळणारा रंग आणि कमरेची नाडी दोन्ही स्पष्ट दिसू लागली. कलाकार पूर्वीइतकाच जीव तोडत होता. उजेड जास्त झाल्यानं पाहणाऱ्याला करायचं काम उरलं नाही. मुंग्या आलेल्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावरचा अर्धा रावण आम्ही मनानं पुरा करायचो. आता तो पुराच मिळतो, आणि कोणातरी दुसऱ्यानं कॉम्प्युटरवर केलेला असतो.

"हे म्हातारपणाचं रडगाणं आहे"

माझा भाचा बारावीला आहे. तो म्हणतो, "मामा, तुमाले जुनं सगळंच गोड लागते." याला झटकून टाकता येत नाही, कारण यात तथ्य आहे.

मानसशास्त्रात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यातलं आठव म्हटलं, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी त्याच्याकडे जास्त निघतात. रामायण लागलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, महाभारत संपलं तेव्हा बारा. म्हणजे माझ्या मनात ते सगळ्यात सुपीक काळात पेरलं गेलं. इंग्रजीतला 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं घडवला, तोही आजाराचं नाव म्हणून. घरापासून लांब गेलेली माणसं गावाच्या आठवणीनं झुरतात, तो आजार. म्हणजे तेव्हापासून हे दुखणं मुळात गावाचं आहे. मालिका हे निमित्त.

शिवाय आपल्याला आठवतात त्या टिकलेल्या मालिका. त्या काळी टाकाऊही पुष्कळ लागायचं. दुपारच्या वेळी शेळ्या सोडायला बरं, असं. ते कोणाच्या लक्षात नाही. कोठीत राहतं ते निवडलेलं बी, आणि ते बघून आपण म्हणतो, त्या वर्षी काय पीक आलं होतं!

मग खरा माल आणि आपलं झुरणं वेगळं कसं करायचं? पेरणीआधी आम्ही उगवण चाचणी सांगतो. शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळायचे, काही दिवसांनी उलगडायचं. सत्तर किंवा जास्त उगवले तर सोयाबीन पेरणीलायक. मालिकेची चाचणी म्हणजे ज्यानं ती आधी पाहिलेली नाही अशा पोराला दाखवायची.

ही चाचणी एकदा सगळ्या देशावर झाली. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे चित्रीकरणं बंद पडली, टाळेबंदी लागली आणि २८ मार्चपासून दूरदर्शननं तेच १९८७ चं रामायण लावलं. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिल्याचा दावा दूरदर्शननं केला. आकड्यावर वाद झाले. पण आमच्या घरात काय झालं ते मला आकड्याशिवाय माहीत आहे. भाचा तेव्हा आमच्याकडे अडकला होता, सहावीतला. पहिले दोन दिवस हसला, बाण हवेत हळूहळू येतात म्हणून. तिसऱ्या दिवसापासून नऊ वाजता पुढ्यात. मेघनाद पडला त्या रात्री जेवला नाही. रडगाण्याचा आक्षेप इथं निम्मा तरी पडतो. त्याला कसली आठवण होती?

निम्माच म्हणतो, कारण मला या चाचणीतही खोट दिसते. त्या एप्रिलमध्ये शेतही तेच झालं होतं. कापूस खरेदी बंद, माल घरात पडून, सगळे घरी, नव्या मालिका नाहीत, संध्याकाळी जायला जागा नाही. नकळत १९८७ चा रविवार पुन्हा तयार झाला होता, फक्त रोजचा. जुनं बी आणि जुनी जमीन दोन्ही एकदम मिळाली. जूनमध्ये गावं मोकळी झाली आणि भाचा मोबाइलवर परत गेला.

"पण काही रिमेक तुफान चालतात, त्यांचं काय?"

चालतात, आणि त्यांच्याकडे पाहिलं की गाठ सुटते. २००३ ची 'जस्सी जैसी कोई नहीं' आठवते का? चष्मा, दातांना तार. ती मूळची कोलंबियातली मालिका. 'जबान संभाल के' मधला वर्ग इंग्लंडहून आला. 'कौन बनेगा करोडपती' हाही तिथलाच खेळ. आपल्यापैकी कोणाला हे रिमेक आहेत असं वाटलं? मूळ पाहिलेलंच नव्हतं. शिवाय आणणाऱ्यांनी नुसती सरकी आणली नाही. इथल्या मातीतला नवा जोडीदार शोधून संकर पुन्हा केला. सासू इथली, ऑफिस इथलं, अमिताभ तर इथलेच.

दुसरा प्रकार सरळ वाणाचा, आणि हे मला झाडीपट्टीत कळलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकं चालतात. वडशाला त्यांच्या कंपन्यांचा अड्डा. तिथल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांचे प्रयोग पाच हजारांच्या वर. त्याच मुलखातली दंडार पुराणातल्याच कथा पिढ्यानपिढ्या घोळवते. दरवर्षी नवा राम, नवा रावण, पदं पण थोडी इकडची तिकडे. "जुन्याची सर नाही" असं म्हणणारे म्हातारे तिथंही असतात, पण ते म्हणत म्हणत पहाटेपर्यंत बसतात.

फरक कुठे पडला? रामाची गोष्ट सरळ वाण आहे, किती पिढ्या राखून पेरली तरी उगवते. दंडारीतला गेल्या वर्षीचा रावण गेल्या वर्षीच संपला. त्याची तुलना आठवणीशी, आणि आठवण मऊ असते, नव्याला थोडी जागा करून देते. टीव्हीनं मात्र अरविंद त्रिवेदींचा रावण कायमचा टेपेवर उभा करून ठेवला. नव्या नटाला रोज त्याच्या शेजारी उभं राहावं लागतं, आणि तो हसणं कधी चुकवत नाही. गोष्ट पुन्हा सांगता येते. पण 'ती मालिका' पुन्हा करायला निघालं की आपण संकरित पिकाची सरकी पेरतो.

म्हणूनच २०१३ च्या स्टार प्लसवरच्या 'महाभारत'ला मी वेगळं काढतो. २६७ भाग, चकचकीत, मला नाही मानवलं. पण त्यांनी चोप्रांची नक्कल केली नाही. व्यासांची गोष्ट घेतली आणि त्या वेळच्या पोरांसाठी सांगितली. माझ्या भाच्याच्या वयाच्या कित्येकांसाठी कृष्ण म्हणजे तोच चेहरा आहे. उद्या त्याचा रिमेक झाला तर "थे नोहे" म्हणायची पाळी त्यांची.

"मग कंपन्यांना कळत नाही का?"

कळतं. बी विकणाऱ्यालाही सगळं कळत असतं.

नवी मालिका म्हणजे अनोळखी वाण. दहा शेतकऱ्यांपैकी एक हिंमत करतो. पाकिटावर ओळखीचं नाव दिसलं की दहाही जण निदान हातात घेऊन पाहतात. आमची माय निंदणाहून येऊन साडेदहापर्यंत जागली, ती नव्या नावासाठी जागली असती का? तिच्या चार रात्री हाच त्यांचा नफा. पाचव्या रात्री ती झोपली, तोवर जाहिराती विकल्या गेल्या होत्या, बातम्या झाल्या होत्या. अशा मालिकेची सुरुवात जुन्या मालिकेनं कमावलेल्या उधारीवर होते. पुढे टिकली तर बरं. नाही टिकली तर जुन्या नावांची यादी मोठी आहे.

यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. पण नावावर बी घेणारा आणि नावावर मालिका पाहणारा, दोघांचीही तक्रार ऑगस्टमध्येच येते, जूनमध्ये नाही.

आमच्या भागाचं वेगळं दुखणं

पुण्या-मुंबईची माणसं 'चिमणराव-गुंड्याभाऊ'बद्दल बोलताना हळवी होतात. ती मालिका आली तेव्हा आमच्या खेड्यात टीव्हीच नव्हता. इकडे टीव्ही पोचला तो दिल्लीच्या राष्ट्रीय कार्यक्रमासोबत, म्हणून माझ्या पिढीच्या टीव्हीच्या आठवणी हिंदीत आहेत. मराठी मालिकांत वऱ्हाडी बोलणारा बहुतेक वेळा हसवायला ठेवलेला. २०१६ मध्ये 'माझ्या नवऱ्याची बायको'ची राधिका नागपूरची आली आणि नायिका म्हणून आली, तेव्हा मायनं पहिल्यांदा टीव्हीतल्या बाईला "आपली पोरगी" म्हटलं. रिमेक करून बिघडवण्यासारखी आमची स्वतःची जुनी मालिका जवळपास नाहीच. हे सुख की दुःख, मला अजून ठरवता आलेलं नाही.

'श्रीयुत गंगाधर टिपरे' मात्र केबलमुळे आमच्याकडेही रुजली होती. तिला कोणी हात लावू नये, एवढी माझी स्वार्थी विनंती.

आता मायचं सांगतो. तुळशी पाहणं सोडल्यावर तिनं काही दिवस फ्री डिशवर जुनंपुरानं शोधलं. मग एका रात्री भाच्याला म्हणाली, मोबाइलवर महाभारत लावून दे. त्यानं लावलं, द्यूताचा भाग. दोघं एका चादरीत, मोबाइल पाण्याच्या गडव्याला टेकवलेला. थोड्या वेळानं मायच्या लक्षात आलं की सगळे भरभर बोलतायत, शकुनी फासे टाकतो ते मशीनवाणी. भाच्यानं सवयीनं वेग दीडपट केला होता.

"हे काय होऊन राह्यलं?"

"लवकर होते आजी. नाही तं लय टाइम लागते."

मायनं मोबाइल उचलून त्याच्या हातात दिला. "पयल्यासारखं कर. भीष्माले बोलू तं दे."